अंगठा थांबता कामा नये

माझे वडील, नाना, कंपनीत रेट-फिक्सर होते. म्हणजे काय, ते आता भाचरांना समजावून सांगावं लागतं. एका लाकडी पाटीच्या कोपऱ्यात स्टॉपवॉच बसवलेलं असायचं, पाटीवर कागद आणि कागदावर रकाने. नाना प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्यातून नग दाबून काढणाऱ्या यंत्रांच्या खात्यात, कामगाराच्या मागे उभे राहायचे. पत्रा उचलायला किती सेकंद, साच्यात ठेवायला किती, पायडल मारायला किती, नग काढून बाजूला टाकायला किती, हे सगळं टिपून घ्यायचे. त्यावरून एका पाळीत किती नग निघायला हवेत ते ठरायचं. कामगार त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे घड्याळसाहेब. शाळेत एका पोरानं मला ‘घड्याळसाहेबाची पोरगी’ म्हणून चिडवलं, तेव्हा मी रडत घरी आले नव्हते, त्याची पाटी फोडून आले होते. हा किस्सा आमच्या घरी वर्षानुवर्षं सांगितला जाई. नाना तो काळजीनं सांगत आणि आई हसत सांगे.

चिंचवडला रेल्वेच्या रुळांच्या अलीकडे आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. दिवसभर कुठल्या ना कुठल्या कंपनीचा भोंगा वाजायचा, आणि कुठला भोंगा कोणाचा हे आम्हा मुलांना आवाजावरून कळायचं. प्रेस शॉप लांब होतं, पण तिथली धडधड जमिनीतून घरापर्यंत येई. देवघरातल्या तांब्यातलं पाणी सारखं थरथरत असायचं. पाहुणे आले की त्यांना रात्री झोप लागत नसे. आम्हाला मात्र सुट्टीच्या दिवशी, धडधड बंद पडली की जाग येई. ही सुट्टी आमच्याकडे गुरुवारी असायची. सगळ्या कारखान्यांना एकाच दिवशी वीज पुरत नाही, म्हणून आमच्या पट्ट्याचा रविवार गुरुवारी येत असे. पुण्याचे नातेवाईक हसायचे. हा गुरुवार पुढे माझ्या चांगलाच कामी आला.

गुरुवारी नाना घरी असले की घरातही मोजमाप चाले. एकदा ते आईच्या पोळ्यांना घड्याळ लावून बसले आणि म्हणाले, “तू तवा डावीकडे ठेवलास तर पोळीमागे चार सेकंद वाचतील.” आईनं लाटणं त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, “तुम्ही लाटा, मी मोजते.” त्या दिवशी आम्ही नकाशांचे आकार असलेल्या जाड पोळ्या गुळांब्याशी खाल्ल्या. नाना निमूटपणे आपली पोळी चावत राहिले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. कंपनीतली पेन्सिलसुद्धा त्यांनी कधी घरी आणली नाही. खोटं बोलत नसत आणि खोटं मोजत नसत.

मी कॉलेजात गेल्यावर त्यांनी मला गिटार घेऊन दिली. त्या काळी आमच्यासारख्या घरांतून गिटार म्हणजे मांडीवर आडवी ठेवायची, उंचावलेल्या तारांवरून पोलादी कांडी फिरवायची आणि भावगीतं वाजवायची. मुलीच्या जातीला शोभणारं वाद्य, असं सगळ्यांचं मत होतं. गिटार उभी धरून तारा बोटांनी दाबायच्या असतात ही कल्पनाच आमच्या कॉलनीत कोणाला नव्हती. मी वर्षभर कांडी फिरवली. सगळी गाणी घसरत घसरत जायची, आणि मला त्या घसरण्याचा मनापासून वैताग यायचा.

मग गिटारीची घोडी, तारांना खालून टेकू देणारं लाकूड, उखडली. क्लासच्या बाईंनी देहूरोडच्या साळवे मास्तरांचा पत्ता दिला. हे लष्कराच्या डेपोत गाड्यांचे मेकॅनिक होते आणि फावल्या वेळात वाद्यं दुरुस्त करायचे. मूळचे नगर जिल्ह्यातले, ख्रिस्ती. मी रविवारी सकाळी लोणावळ्याच्या गाडीनं गेले. मास्तर पन्नाशी उलटलेले, बारीक अंगाचे, नखांत ग्रीस. त्यांनी घोडी बसवली, तारा उचलून धरणारी धातूची पट्टी काढून ठेवली, गिटार उभी मांडीवर घेतली आणि सूर बघायला म्हणून वाजवू लागले. खाली खर्जाच्या तारांवर अंगठा जाड तार, मधली तार, जाड तार, मधली तार असा एका चालीनं चालला होता, आणि वरच्या बारीक तारांवर दोन बोटं दुसरंच काहीतरी सांगत होती. मी त्यांच्या मागे बघितलं. मला खरंच वाटलं, आत कोणीतरी दुसरं वाजवतंय.

“ही पट्टी परत बसवू नका,” मी म्हणाले. “मला हे शिकायचंय.”

“हे कशाला शिकतेस, कुंदाबाई? हे ऐकून कोणी टाळ्या वाजवत नाही,” मास्तर म्हणाले.

“नकोत मला टाळ्या.”

ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, “मग पुढच्या रविवारी ये.”

पहिले चार रविवार फक्त अंगठा. उरलेल्या बोटांनी मुठीत रुमाल धरायचा आणि अंगठा चालवायचा. तळहाताची कड घोडीवर टेकवायची, म्हणजे खर्ज नुसता घुमत राहत नाही, ठोका होतो. अंगठा चालू असताना मास्तर मला गप्पांत ओढायचे. “काल काय जेवलीस?” मी म्हणायची, “आमटी,” आणि अंगठा आमटीपाशी बंद पडायचा. “आमटीला थांबलीस. पहिल्यापासून.” मी चिडायची. मी चिडले की त्यांना अजून मजा यायची. मी घरी पोळपाटावर अंगठा आपटला, वर्गात बाकाखाली आपटला, वाण्याच्या दुकानात तांदळाच्या पोत्यावर आपटला. आई म्हणाली, “हिला काहीतरी झालंय.”

मग एक बोट आलं. आधी अंगठ्याबरोबर, ते सोपं. नंतर अंगठ्याच्या दोन ठोक्यांच्या मध्ये, आणि तिथे माझं अडलं. बोट मध्ये पडलं की अंगठा त्याची वाट बघत थांबायचा, नाहीतर त्याच्या मागे धावायचा. मास्तर म्हणायचे, “अंगठा नोकरीवाला आहे. त्यानं पाळीला जायचं. बोटं मनाला येईल तेव्हा येतील, जातील. त्यांच्याकडं अंगठ्यानं बघायचंच नाही.” या एका गोष्टीला मला चार महिने लागले. आता माझ्या अंगठ्याच्या सांध्यात कळ येते, डॉक्टर म्हणतात विश्रांती द्या. पण अंगठा पहिल्यांदा सुटा चालला ती सकाळ मला आजही जशीच्या तशी आठवते. बोटं रेंगाळली, उशिरा आली, एका सुराला ओढून धरून बसली, आणि खाली अंगठा चालतच होता. मी ओरडले. मास्तरांच्या पत्नी, साळवेमावशी, हातातली सुपली घेऊन बाहेर आल्या.

मास्तर हे कुठे शिकले तेही त्याच सकाळी कळलं. महायुद्धात ते फौजेत ड्रायव्हर होते, आसामच्या पलीकडे जंगलातून रस्ता बांधला जात होता तिथे. अमेरिकेचे काळे सैनिक तो रस्ता बांधत होते. त्यांतला रॉय नावाचा एकजण चिखलात गाड्या अडकल्या की ट्रकच्या पायरीवर बसून हे वाजवायचा. “आमचं इंग्रजी किती, तर येस आणि नो,” मास्तर म्हणाले. “पण त्यानं एकदा खुणेनं सांगितलं, की त्यांच्या फौजेतसुद्धा गोऱ्यांची पंगत वेगळी आणि यांची वेगळी. मी म्हटलं, राव, आमच्या गावातपण तेच. तेवढ्यावर आमची दोस्ती झाली. या वाजवण्याला ते लोक ब्लूज म्हणतात.”

मी मान डोलावली. तेवढंच मला तेव्हा सुचलं.

नाना रविवारी कामावर असायचे, त्यामुळे सहा महिने मी कुठे जाते ते त्यांना नीटसं कळलं नाही. दुरुस्ती, मग क्लास, असं काहीबाही त्यांच्या कानावर होतं. मग कंपनीतल्या कोणीतरी त्यांना विचारलं, तुमची मुलगी दर रविवारी देहूरोडला त्या वस्तीत कोणाकडे जाते? गुरुवारी सकाळी त्यांनी मला समोर बसवलं. मी काहीही लपवलं नाही.

“शिकवायला इकडे कोणी मिळत नाही?” त्यांनी विचारलं.

“हे इकडे कोणाला येत नाही.”

“हे म्हणजे काय, ते तरी दाखव.”

मी वाजवून दाखवलं. नानांनी कपाळाला आठ्या घातल्या. “अंगठ्याचं एक चाललंय, बोटांचं भलतंच. यात गाणं कुठंय?”

“हेच गाणं आहे.”

मग त्यांनी त्यांच्या पद्धतीनं तोडगा काढला. “पंधरा दिवस देतो. पाच मिनिटं वाजवायचं. अंगठ्याची गती पहिल्यापासून शेवटपर्यंत एक राहिली तर तुझं शिक्षण खरं. नाही राहिली, तर देहूरोड बंद. मी मोजीन.” मला ते अगदी न्याय्य वाटलं. आमच्या घरात मोजलेलं ते खरं, याच्यावर मी वाढले होते.

ही बातमी प्रेस शॉपपर्यंत कशी गेली कोण जाणे. आमच्याकडे दूध घालायला बबनदादा यायचे, आकुर्डी गावठाणातले. पहाटे म्हशी, मग नानांच्याच शॉपमध्ये पहिली पाळी. दुसऱ्या दिवशी दूध मापता मापता ते हळूच म्हणाले, “पोरी, सायेब तुला घड्याळ लावनार हाय म्हनं?”

“हो.”

“मग येक ध्यानात ठिव. घड्याळ म्होरं आलं की हात निम्मा करायचा. आमी समदी तसंच करतो. सावकाश चाललं की चुकत न्हाई आन् रेटबी ढिला बसतो.”

“आणि नानांना कळत नाही?”

“न कळायला काय झालं! त्येंनाबी ठावं हाय. ते कागदावर तेवढं वाढवून धरत्यात. आमी हळू करायचं, त्येंनी वाढवायचं. येवढी वर्सं असंच चाललंय, कुनाची तक्रार न्हाई.”

मी सावकाश वाजवून पाहिलं. निम्म्या गतीला अंगठा एकदाही हलत नव्हता. पाच काय, दहा मिनिटं वाजवलं असतं. पंधरवडाभर मी तसंच घोटलं आणि निश्चिंत झाले.

त्या गुरुवारी अंघोळ, पूजा झाल्यावर नानांनी खुर्ची ओढली, पाटी गुडघ्यावर ठेवली आणि पेन्सिलीला टोक केलं. आई पिठाच्या हातानं दारात उभी होती. “तुला सोयीची वाटेल ती गती घे,” नाना म्हणाले, आणि माझ्याकडे त्यांनी एक नजर टाकली. ती नजर मी कधी पाहिली नव्हती, पण लगेच ओळखली. ही आता हात निम्मा करणार, हे धरूनच ते बसले होते. कागदावर वाढवून धरायची त्यांची तयारी झालेली होती. रोज शंभर माणसं त्यांच्यासमोर जे करत होती तेच मीही करणार, आणि दोघांनी ते माहीत नसल्यासारखं वागायचं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला कळत होतं की हा मूर्खपणा आहे. तरी मी मास्तरांची गती धरली, पूर्ण.

पहिली दोन मिनिटं मी आयुष्यात वाजवलं नव्हतं इतकं चांगलं वाजवलं. नानांची पेन्सिल थबकलेली मी पाहिली. मग त्या चालीतला चढा भाग आला, बोटं बारीक तारांवर वर वर जाऊ लागली, आणि अंगठा त्यांच्या मागे धावला. मला तो धावताना कळत होता. आवरता येत नव्हता. तरी थांबले नाही, पाच मिनिटं पुरी केली.

नानांनी कागद माझ्यासमोर धरला. दर पाव मिनिटाचे ठोके मोजलेले होते. “चाळीस, चाळीस, चाळीस. तिसऱ्या मिनिटाला त्रेचाळीस. इथे शेहेचाळीस. पुढे परत खाली आलीस.” त्यांनी चष्मा काढला. “नापास.”

“हो,” मी म्हणाले. मोजणी बरोबर होती.

मग ते धोतराच्या टोकानं चष्मा पुसत राहिले. “सोळा वर्षं हे काम करतोय. घड्याळासमोर पूर्ण हात चालवणारं माणूस मी आज पहिल्यांदा पाहिलं.” मला इतकं भरून आलं की मी तिथेच गिटार खाली ठेवून त्यांचं सगळं ऐकलं असतं. पण का कोण जाणे, माझ्या तोंडून प्रश्न निघून गेला.

“नाना, पास झाले असते तर जाऊ दिलं असतंत?”

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. खोटं त्यांना येत नव्हतं. आई म्हणाली, “अहो, सांगा की.”

“नाही,” नाना म्हणाले. “दुसरं काहीतरी काढलं असतं. उद्या तुझ्यासाठी स्थळं बघायची आहेत. मुलगी कोणाच्या घरी जाते, उठते-बसते, लोक विचारतात. ते कोण, आपण कोण.”

“मग मोजलंत कशाला?”

मला त्यांचा त्या क्षणी जेवढा राग आला, तेवढा पुढे कोणाचाही आला नाही. सरळ नको म्हटलं असतं तर भांडले असते, रडले असते. पण त्यांनी घड्याळ आणलं होतं. मी उठले आणि त्यांच्या हातातून तो कागद घेतला.

“रविवारी मी जाणार आहे. चोरून जाणार नाही, म्हणून आत्ता सांगतेय.”

“कुंदे, घरात मी आहे अजून.”

“असा ना. मी जाणार.”

रविवारी सकाळी नाना सायकल काढत होते, तेव्हाच मी खोळीतली गिटार खांद्याला लावून बाहेर पडले. मुद्दाम तीच वेळ धरली. ते सायकलवर बसले नाहीत. हातात सायकल धरून चालू लागले आणि मी त्यांच्या शेजारून. कोपऱ्यापर्यंत आम्ही दोघं बरोबर चाललो. समोरून पाळीला निघालेली माणसं नमस्कार करत होती आणि माझ्या खांद्याकडे बघत होती. कोपऱ्यावर ते कंपनीकडे वळले आणि मी स्टेशनकडे.

देहूरोडला पोचल्यावर मी मास्तरांना सांगितलं की नापास झाले, आणि कागद दिला. त्यांनी तो उजेडात नेऊन बारकाईनं वाचला. ठोके, पाव मिनिटं, सगळं. आणि हसायला लागले. “तिसऱ्या मिनिटाला. बरोब्बर! इथं रॉयसुद्धा धावायचा. अगं, असा कागद मला कोणी लिहून दिला असता तर माझी दोन वर्षं वाचली असती. बस. तिसऱ्या मिनिटापासून वाजव.” वडील का नको म्हणाले, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना विचारायची गरज नव्हती. मी मात्र मान वर करू शकत नव्हते.

बारा वाजले आणि साळवेमावशींनी दोनच ताटं मांडली. एरवी याच वेळी मी गिटार खोळीत घालून म्हणायची, “निघते, आई वाट बघतेय.” सहा महिने, दर रविवारी. त्यांनीही कधी आग्रह केला नव्हता, आणि तो का केला नव्हता हे मला त्या दिवशी कळलं. नानांनी मला कधीच सांगितलं नव्हतं की तिथे खाऊ नकोस. न सांगताच मी पाळत आले होते, अगदी हसतमुखानं. नानांवर तीन दिवस धुमसत होते, आणि इथे माझं मलाच तोंड दाखवावंसं वाटेना.

“मावशी, मलापण वाढा,” मी म्हणाले.

मावशींनी मास्तरांकडे पाहिलं. मग तिसरं ताट आणलं, ते आधी पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, “अंड्याचा रस्सा आहे गं. चालेल का तुला?”

“चालेल.” आमच्या घरात अंडं येत नसे. पहिला घास घशाखाली उतरायला जरा वेळ लागला. पुढचे सहज उतरले.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आई पानं घेत होती आणि नाना पाटावर बसलेले होते. त्यांनी वर न बघता म्हटलं, “हातपाय धू आणि बस.”

“मी दुपारी मास्तरांकडे जेवले. भाकरी आणि अंड्याचा रस्सा. दोनदा मागून घेतला.”

आईच्या हातातली पळी आमटीत तशीच राहिली. नाना समोरच्या भिंतीकडे बघत होते. वाटलं, आता उठतील, आता हात उगारतील. मी तिथून हलले नाही. शेवटी ते आईला म्हणाले, “मीठ वाढ.”

मी आतल्या खोलीत गेले नाही. तिथेच, त्यांच्या पानासमोर भिंतीला टेकून बसले, खोळीतून गिटार काढली आणि तिसऱ्या मिनिटापासून सुरुवात केली.